ओवीची व्याख्या आणि ओवीचा इतिहास

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला ओवीची लक्षणे विचारली, तर त्याचे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. ओवी हा अक्षरछंद आहे. तिचे चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांच्या अंती यमक असते. चौथा चरण आखूड व निर्यमक असतो. अक्षरसंख्येचे बंधन सैल असते. हे उत्तर चुकीचे नाही. ज्ञानेश्वरीचे छापील पान समोर ठेवले की ही लक्षणे तेथे दिसतात. तथापि या उत्तरातील शेवटचा शब्द थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. चार चरण, तीन यमके हे वर्णन झाले. ‘सैल’ हा मात्र निवाडा आहे. घट्ट काय असते हे आधी ठरलेले असल्याखेरीज कशालाही सैल म्हणता येत नाही. ते घट्टपण कोणी ठरविले, आणि ओवी त्या मापाने मोजली जाऊ लागल्यापासून तिच्यातील काय मोजणीबाहेर राहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न केवळ छंदःशास्त्राचा नाही. निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदावरीच्या काठचे गाव. समोरच्या तीरावर चांदोरी, पेशव्यांचे दिल्ली दरबारातील वकील हिंगणे यांचे. अशा गावातून नाशिकच्या महाविद्यालयात मराठी शिकावयास येणारी एखादी विद्यार्थिनी कल्पावी. गोदाकाठच्या बहुतेक जुन्या घरांप्रमाणे तिच्याही घरात ओवी दोन रूपांनी नांदून गेलेली असणार. एक ओवी पोथीतली : ज्ञानेश्वरीची, श्रीधराच्या ‘हरिविजया’ची किंवा ‘पांडवप्रतापा’ची, ओसरीवर वाचली जाणारी. दुसरी जात्यावरची, पहाटे माजघरात म्हटली जाणारी. दोहोंना घरातील माणसे ‘ओवी’च म्हणत आली. वर्गात मात्र या विद्यार्थिनीला जी व्याख्या मिळते ती पहिल्या ओवीची. ती व्याख्या घेऊन ती आजीच्या ओवीकडे गेली, तर तिला तेथे चार चरण सापडत नाहीत, तीन यमके सापडत नाहीत. दोनच ओळी सापडतात, आणि त्यांतील अक्षरे दर वेळी निराळी भरतात. यावरून ती काय अनुमान काढील? आजीची ओवी म्हणजे ओवीच्या नियमांची पुरती जाण नसलेल्या कोणीतरी केलेली ओवी, हेच. आमच्या परिभाषेने हे अनुमान तिच्या हाती जवळजवळ आयते ठेवलेले आहे.

इतिहासक्रम मात्र नेमका उलटा आहे. ओवीचे जे जुन्यात जुने निर्देश उपलब्ध आहेत त्यांत ग्रंथ नाही, कवी नाही, अक्षरसंख्याही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या शके १०५१ मधील (इ. स. ११२९) संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे म्हटले आहे. ओवीची ही पहिली ओळख तीन गोष्टींनी झालेली आहे : प्रदेश, गाणाऱ्या स्त्रिया आणि त्यांचे काम. रचनेविषयी राजाने काही सांगितले नाही, आणि त्याला ते सांगण्याची गरजही वाटली नसावी. ओवी ओळखण्यास ती कोणत्या प्रसंगी गातात एवढे पुरेसे होते.

येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण तो सहसा घाईने ओलांडला जातो. सोमेश्वराने सांगितलेले काम कांडणाचे आहे, दळणाचे नव्हे. आपण ‘जात्यावरची ओवी’ असा शब्दप्रयोग इतका रूढ केला आहे की कांडण वाचतानाही मनात जातेच फिरू लागते. परंतु उखळ-मुसळ आणि जाते यांची लय एक नाही. मुसळ उचलले जाते आणि पडते. तेथे आघात आहे, आणि दोघी मिळून कांडत असतील तर आघातांची आलटापालट आहे. जात्याची लय वर्तुळाकार आहे. खुंटा ओढण्याचा आणि सोडण्याचा भाग एकात एक मिसळतो, आघात जवळजवळ नसतो, सूर लांबविण्यास अवकाश असतो. म्हणजे बाराव्या शतकात ज्या गाण्याला ओवी म्हणत ते आघाताच्या लयीवर तरी नक्कीच चालत होते. आज जे गाणे आपण ओवीचे मूळ रूप मानतो ते ओढीच्या लयीचे आहे. एकच नाव दोन्ही लयींना पुरले, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. ओवी कोणत्याही एका मापाशी बांधलेली नव्हती. ती कामाशी बांधलेली होती, आणि काम बदलले की तिचे मापही बदलू शकत होते.

दुसरा निर्देश सुमारे शंभर वर्षांनंतरचा. यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरीस शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या प्रबंधाध्यायात ओवी हा एक गेय प्रबंध म्हणून येतो, आणि येथे प्रथमच तिला लक्षण मिळते : देशभाषेत गायिलेले, प्रासाने युक्त असे तीन खंड, आणि शेवटी ‘ओवी’ हे पद. पुढच्या ग्रंथिक ओवीचा सांगाडा या लक्षणात स्पष्ट दिसतो. तीन सप्रास खंड म्हणजे तीन सयमक चरण. शेवटचे निराळे पद म्हणजे चौथा आखूड चरण. शार्ङ्गदेव अक्षरे मोजत नाही. संगीतशास्त्रकाराला मोजायचा असतो तो काळ, आणि खंड हे काळाचेच माप आहे. ज्ञानेश्वरांची ओवी ‘साडेतीन चरणी’ आणि एकनाथांची ‘साडेचार चरणी’ असे म्हणण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचे मूळही मला येथेच दिसते. अक्षरगणनेच्या दृष्टीने अर्धा चरण ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. गाण्याच्या दृष्टीने ती अगदी साधी आहे.

शार्ङ्गदेवाने वापरलेल्या ‘प्रास’ या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. आज आपण त्या जागी ‘यमक’ म्हणतो. संस्कृत अलंकारशास्त्रात यमक म्हणजे तोच वर्णसमूह निराळ्या अर्थाने पुन्हा येणे. तो शब्दालंकार, आणि अलंकार म्हटला की काव्यशरीरावरून उतरवून ठेवता येणारा दागिना हा अर्थ त्याच्यामागून येतोच. वामन पंडितांच्या श्लोकांत यमक या जुन्या अर्थाने, पांडित्याचा विलास म्हणून, भरपूर आढळते. त्यांना ‘यमक्या वामन’ हे नाव पडले ते त्यामुळेच. मराठीत मात्र ‘यमक’ हा शब्द चरणांती येणाऱ्या कोणत्याही ध्वनिसाम्याला सर्रास लागू झाला. शब्द सरकला, पण त्याचे खाते बदलले नाही. म्हणून आमचा विद्यार्थी यमक एकदा अलंकारांच्या यादीत शिकतो आणि एकदा छंदाच्या लक्षणात, आणि या दोन यमकांचा परस्परसंबंध काय हे त्याला कोणी सांगत नाही. ओवीतील यमक काढून टाकले तर ओवी उघडी पडत नाही, ती उरतच नाही. कारण चरण कोठे संपला हे सांगणारी दुसरी खूण तिच्याजवळ नाही. वृत्तात गण संपले की चरण संपतो, यमक असो वा नसो. ओवीत यमक आले की चरण संपतो. हे यमक बांधणीचा भाग आहे. त्याला अलंकार म्हणणे म्हणजे घराच्या आढ्याला नक्षी म्हणण्यासारखे आहे.

‘बांधणी’ हा शब्द मी येथे बुद्धिपुरस्सर योजला आहे. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानेश्वरांनी आपल्या छंदाविषयी जे म्हटले आहे, त्यात ‘प्रबंध’ आणि ‘बंध’ हे दोन्ही शब्द येतात. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ते सांगतात की लहानथोरांना कळावे म्हणून ओवीच्या प्रबंधात अक्षरे गुंफली. आणि त्याच ओघात पुढे, ही ओवी अशी बांधली आहे की गायिली तर गाण्याला शोभा आणील आणि न गाताही आपला रंग दाखवील. मराठीतील छंदोविचाराचा आरंभ कोठून धरावा असे मला विचारले, तर मी या ओव्यांकडे बोट दाखवीन. ज्ञानेश्वर ‘प्रबंध’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात संगीतशास्त्रातील पारिभाषिक अर्थ असेलच असे सिद्ध करता येणार नाही. ग्रंथरचना एवढाच अर्थही तेथे लागतो. पण गाण्याचा उल्लेख त्याच संदर्भात यावा हे दुर्लक्षिण्यासारखे नाही. देवगिरीच्या संगीतशास्त्रात जी गेय ओवी नोंदली गेली, तिला नेवाशात जाणीवपूर्वक दुहेरी आयुष्य देण्यात आले. गाणे तिच्यातून काढून टाकलेले नाही. गाण्यावाचूनही ती उभी राहावी अशी तिची बांधणी करण्यात आली.

त्यानंतरचा इतिहास या दुहेरी आयुष्यापैकी एक अर्ध हळूहळू विसरण्याचा आहे. तो थोडक्यात सांगतो, कारण त्याची स्थळे सर्वांच्या परिचयाची आहेत, आणि ती बहुतेक याच नदीच्या आधाराने आहेत. सायखेड्याच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळच्या टाकळीस, रामदासांचे तप झाले असे परंपरा मानते. त्यांचा ‘दासबोध’ ओवीतच आहे. खाली प्रवरासंगम ओलांडून पैठण, म्हणजे एकनाथ आणि मुक्तेश्वर. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि अखेरीस एक ताकीद दिली : या ग्रंथात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. या ताकिदीचा भक्तिपर अर्थ आपण नेहमी सांगतो. तिचा छंदोविषयक अर्थही तितकाच बोलका आहे. लोक ज्ञानेश्वरीत आपल्या ओव्या घालीत होते, म्हणूनच ती द्यावी लागली. लोक तसे का करीत? मराठी माणसाच्या अनुभवात ओवी ही भर घालण्याचीच वस्तू होती म्हणून. जात्यावर एकीने ओवी म्हटली की दुसरीने तिला आपली ओवी जोडायची, हीच तेथली रीत. पोथी हातात घेणारे त्याच सवयीने पोथीकडे आले असावेत. एकनाथांनी ग्रंथापुरते ते दार बंद केले, आणि ग्रंथासाठी ते आवश्यकच होते. पण तेव्हापासून एका ओवीला पाठ आहे आणि दुसरीला नाही, हा भेद पक्का झाला. ज्या रचनेला पाठ नाही तिची अक्षरे कोण मोजणार?

एकोणिसाव्या शतकात मुद्रण आले, शाळा आल्या, परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचे ‘नवनीत’ (१८५४) आले. कवितेचे वेचे पाठ्यपुस्तकाच्या पानावर बसले आणि पद्यरचनेचे ज्ञान हा व्याकरणाचा भाग झाला. त्यासाठी हाताशी असलेली चौकट संस्कृत पिंगलाची होती. तिच्यात अक्षरगणवृत्ते आणि मात्रावृत्ते यांची सोय चांगली लागते. ओवी आणि अभंग यांची लागत नाही. ‘सैल’, ‘अनियमित’, ‘मोकळी’ ही ओवीची विशेषणे या चौकटीतून आलेली आहेत.

या अवस्थेतून ओवी-अभंगांना सोडविण्याचे मोठे श्रेय माधव जूलियनांचे. ‘छंदोरचना’ १९२७ साली प्रसिद्ध झाली आणि १९३७ मध्ये तिची वाढविलेली आवृत्ती निघाली. पद्याचे वृत्त, जाति आणि छंद असे तीन वर्ग करून त्यांनी ओवी-अभंगांना ‘छंद’ या तिसऱ्या वर्गात स्वतंत्र स्थान दिले : जेथे लघु-गुरूचा भेद लोपतो, प्रत्येक अक्षराचा उच्चार गुरू धरला जातो आणि मोजायची ती केवळ अक्षरसंख्या. फार्सीचे अध्यापक असल्याने संस्कृताखेरीज अन्य छंदःपरंपराही त्यांच्या परिचयाच्या होत्या. त्याचा लाभ त्यांच्या दृष्टीला निश्चित झाला असावा. वृत्ताच्या तुलनेत ओवी उणी ठरविण्याचे कारण या वर्गीकरणाने तत्त्वतः नाहीसे केले. आमच्या अध्यापनात ते व्यवहारतः नाहीसे झाले नाही, याचा दोष जूलियनांकडे जात नाही.

पण त्यांच्या व्याख्येची मर्यादाही तेथेच आहे. अभंगाला ती नीट बसते. मोठा अभंग सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक. मोजा आणि पाहा. ज्ञानेश्वरीच्या ओवीत मात्र शेजारशेजारचे चरणही अक्षरसंख्येने भिन्न निघतात. संख्येवर उभारलेल्या वर्गात ज्या रचनेची संख्याच स्थिर नाही ती घातली की तिला पुन्हा अपवाद म्हणावे लागते, आणि ‘सैल’ हे विशेषण मागील दाराने परत येते. ना. ग. जोशी यांनी ‘मराठी छंदोरचना’ (१९५५) या ग्रंथात लयीच्या दृष्टीने सर्वच पद्याचा पुनर्विचार आरंभिला, त्याचे महत्त्व या संदर्भात कळते. लय हे तत्त्व पायाशी घेतले की कमीअधिक अक्षरे समान काळात कशी सामावतात याचा विचार करता येतो. तरीही ज्या लयीचा विचार छंदःशास्त्र करते ती मुख्यतः म्हणण्याची लय असते. ज्या लयीला हाताची ओढ, श्वास आणि जात्यात पडणारी मूठ यांनी आकार दिला आहे, ती अजून परिभाषेत आलेली नाही.

स्त्रियांची ओवी लिखित अभ्यासाच्या कक्षेत आली ती छंदःशास्त्राच्या वाटेने नव्हे, संकलनाच्या. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय’, सरोजिनी बाबर यांचे प्रचंड लोकसाहित्यकार्य ही त्यातील ठळक नावे. कमलाबाईंनी निवडलेली संज्ञा मला फार मार्मिक वाटते. वेदांना अपौरुषेय म्हणतात ते त्यांचा कोणी कर्ता पुरुष नाही म्हणून. स्त्रीगीतांनाही ते विशेषण शब्दशः लागते, आणि लागता लागता वेदांशी त्यांची पंगत मांडून जाते. पण ही संज्ञा रूढ झाली नाही. रूढ झाली ती ‘लोकसाहित्य’ ही. तिच्यामुळे जात्यावरची ओवी विद्यापीठात आली हे खरे. पण ती निराळ्या प्रश्नपत्रिकेत आली. एका प्रश्नपत्रिकेत ओवीचा छंद, दुसरीत ओवीचा आशय : माहेर, भाऊ, लेक, पंढरी. समाजशास्त्रीय निष्कर्षांसाठी तिची साक्ष काढली गेली. रचना म्हणून तिला फारसे प्रश्न विचारले गेले नाहीत.

‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली तेव्हा या विभागणीला चांगलाच धक्का बसायला हवा होता. खानदेशातील निरक्षर शेतकरी स्त्रीची, जात्याच्या आणि शेतकामाच्या लयीत वाढलेली ही रचना मराठी काव्याच्या मुख्य प्रवाहात आली. समीक्षेने तिचे स्वागत केले, पण ते व्यक्तिगत प्रतिभेचा चमत्कार म्हणून. एका स्त्रीला कवयित्री म्हणून मान देण्यात आला. ती ज्या रचनापरंपरेतून आली तिची परिभाषा आहे तेथेच राहिली.

संकलनांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती बहुधा अजाणता. ओवी कागदावर उतरविताना ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ यांसारखे शब्द, अर्ध्या ओळीची पुनरुक्ती, सुरासाठी ताणलेला स्वर हे सारे पुष्कळदा गळले. अर्थाच्या दृष्टीने ते पूरक होते. लयीच्या दृष्टीने तेच भार वाहत होते. जे काढले त्याने काळ भरला जात होता. ते काढल्यावर उरलेल्या अक्षरांची संख्या विषम भरली, आणि मग त्या विषमतेवर बोट ठेवून ओवी सैल आहे असे म्हटले गेले. या दृष्टीने हेमा राइरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रकल्प उभा केला तो निराळ्या मोलाचा आहे. एक लाखाहून अधिक ओव्या त्यात नोंदल्या गेल्या, त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. आता कागदावरची ओवी आणि गळ्यातील ओवी शेजारी ठेवून पाहता येते. छंदाच्या अभ्यासकांनी या सामग्रीचा म्हणावा तसा उपयोग केलेला नाही. तिच्याकडे वळले आहेत ते प्रामुख्याने समाजशास्त्र आणि स्त्रीअभ्यास यांचे अभ्यासक. पिठाची गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, आणि ओवी हळदीच्या आणि घाण्याच्या प्रसंगापुरती उरली. तेव्हा ऐकण्याजोगे जे आहे त्यातील बरेचसे आता या मुद्रणांतच आहे.

मग व्याख्या कशी करावी? अक्षरसंख्येऐवजी बंधापासून आरंभ करावा असे मला वाटते. ग्रंथिक ओवीत तीन यमके एका मागून एक अपेक्षा वाढवीत नेतात आणि चौथा आखूड चरण यमक न देता ती सोडून देतो. ताण तीनदा चढतो आणि एकदा उतरतो. आख्यानाला हे फार सोयीचे, कारण उतारावरून पुढची ओवी सहज सुरू होते, आणि नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ त्यामुळे वाहता राहतो. जात्यावरची दोन ओळींची ओवी पुढे वाहण्यासाठी केलेलीच नाही. तिच्यात पहिली ओळ ताण घेते, दुसरी ओळ यमकावर तो मिटवते, आणि एका घासाचे दळण होईतो ती पूर्ण होते. तेथे यमक हे स्मरणाचे साधन आहे आणि साथीला दिलेली खूणही. शेजारी बसलेली स्त्री शेवटचा शब्द येण्यापूर्वीच ओळखते आणि त्यात सूर मिसळते. दोन्ही ओव्यांत चरण यमकाने ठरतो, दोन्हीत अक्षरे काळात सामावतात, दोन्हीत ताण आणि मोकळीक यांचे प्रमाण प्रयोजनावरून ठरते. या पायावर दोहोंना एक संज्ञा सार्थपणे लागू होते, आणि त्यांतील कोणतीही दुसरीचे बिघडलेले रूप ठरत नाही.

शार्ङ्गदेवाच्या लक्षणातील एक अंग मी मघाशी विवेचनाविना सोडले होते : गीताच्या अंती ‘ओवी’ हे पद येते, म्हणजे ओवी आपले नाव आपणच उच्चारते. ज्ञानेश्वरीपासून श्रीधरापर्यंतच्या ग्रंथिक ओवीत हे लक्षण उरलेले नाही; आखूड चौथ्या चरणात त्याचा फार तर आकार उरला. स्त्रियांच्या ओवीत मात्र पहिली ओवी कोणाला, दुसरी ओवी कोणाला, असे मोजीत देवांना, आईबापांना, भावाला ओव्या वाहण्याचा प्रघात महाराष्ट्रभर आढळतो. तेथे तो शब्द शेवटी नसून आरंभी येतो, आणि आठ शतकांची सलग परंपरा त्यावरून सिद्ध होते असेही मी म्हणणार नाही. परंतु गाण्यात गाण्याचे नाव घेण्याची ही रीत ‘संगीतरत्नाकर’ नोंदवितो, आणि ती आज सापडते ती माजघरातल्या ओवीत.